एका चादरीत किती कापूस

पहिला दिवस : यवतमाळ ते सोलापूर

घरातल्या पुढच्या खोलीत अकरा क्विंटल कापूस पडलेला असताना पाच दिवस गावाबाहेर राहायचं म्हणजे जिवाला घोरच. पण ताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि भावाने आहेर घेऊन हजर राहावं हा तिचा हट्ट. बायको म्हणाली, "जा तुम्ही. कापूस काय पळून जातो?" पळून जात नाही, पण घरात असला की अंगाला खाज सुटते, उंदीर घर करतात आणि कापसाच्या भावाची रोज नवी अफवा येते. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्राची तारीख अजून मिळाली नव्हती. २०२५च्या या हंगामापासून सगळा कारभार ‘कपास किसान’ ॲपवर आहे. आधी नोंदणी करा, कागद चढवा, तारीख घ्या आणि मग गाडी भरा.

डिसेंबरचा पहिला आठवडा. पहाटेच्या गाडीने निघालो. आर्णी, महागावपर्यंत खिडकीच्या दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं. सप्टेंबरच्या पावसाने झोडपलेली, पानं लाल पडलेली, खालची बोंडं सडून काळी. काही वावरांत लोकांनी पराटी उपटून हरभरा पेरलाही होता. फरदड ठेवू नका म्हणून कृषी सहायक दरवर्षी सांगतो, कारण डिसेंबरनंतर पीक उभं राहिलं की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. २०१७ साली आमच्याकडे अळीने जे केलं, ते बघितल्यावर निदान माझ्या गावात तरी लोक ऐकू लागले आहेत. तरी हातात पैसा नसला की शेवटची दहा-वीस किलो कवडी, म्हणजे किडका, अर्धवट फुटलेला कापूससुद्धा सोडवत नाही.

उमरखेड ओलांडलं की ऊस दिसायला लागतो. अर्धापूरला केळी, हळद. नांदेडला गाडी अर्धा तास थांबली. नांदेड म्हणजे एकेकाळी गावरानी कापसाचं ठाणं. हा देशी कापूस ‘गावरानी’ याच नावाने मुंबईच्या बाजारात विकला जायचा. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल इथलीच. नांदेडच्या संशोधन केंद्रातून आलेलं एनएचएच ४४ हे संकरित वाण माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं लावलं. बीटी आलं आणि त्याचं नाव मागे पडलं.

नांदेडच्या पुढे मात्र कापूस जवळपास संपतोच. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं. शेजारी अहमदपूरचे एक काका बसले होते. त्यांनी कापूस सोडून दहा वर्षं झाली. "सोयाबीन शंभर दिवसांत घरात. मशीन लावली की एका दिवसात एकर मोकळा. तुमचा कापूस वेचायला माणूस कुठाय?" मी म्हटलं, सोयाबीनला हमीभाव क्विंटलला ५३२८ आहे आणि बाजारात तरी कुठे मिळतो तो? ते हसले. "मिळत नाही. पण तोट्यातसुद्धा लवकर सुटका होते की!"

या उत्तरावर मी लातूर येईपर्यंत विचार करत होतो. आमचा तोटा जूनमध्ये सुरू होतो आणि उलंगवाडीपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, हप्त्याहप्त्याने चालतो.

औसा, तुळजापूर करत सोलापूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. भाऊजी स्कूटर घेऊन स्टँडवर. "कधीपासून थांबलालास?" हे सोलापुरी ‘लालास’ कानावर पडलं की मी दरवेळी हसतो आणि ते दरवेळी चिडतात. सोलापूरकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. मी वऱ्हाडातला, मी भाऊजीच म्हणणार. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दह्याची वाटी. कडक भाकरी हाताने मोडायची की चुरायची, यावर भाच्यांनी मला दहा मिनिटं शिकवणी दिली.

दुसरा दिवस : पूर्व भाग

भाऊजी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतात. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, घर शहराच्या पूर्व भागात. या भागात सकाळी फिरायला निघालं की कानावर पहिली तेलुगू येते, मग मराठी, मधे कन्नड. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या इथे गेल्या. एका बोळात घराच्या पुढच्या खोलीतच माग चालू होता. जमीन इतकी हादरत होती की ओट्यावरचा पाण्याचा तांब्या आपोआप कडेकडेने सरकत होता. शेजारच्या ओसरीत दोन बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. घरचा पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी इथल्या कितीतरी घरांची जमाखर्चाची रीत.

कारखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते सुताचे कोन. पोत्यांवर पत्ते तमिळनाडूचे, गुजरातचे. मी विचारलं, "यवतमाळचं एखादं पोतं?" भाऊजी म्हणाले, "यवतमाळचा कापूस असेल की यात. पण तो तिकडे जाऊन, सूत होऊन, पुन्हा इकडे आला." महाराष्ट्राएवढ्या क्षेत्रावर कापूस दुसऱ्या कुठल्या राज्यात नसतो, साधारण चाळीस लाख हेक्टर. पण राज्यात पिकलेल्या कापसापैकी जेमतेम तीस टक्क्यांवर राज्यात प्रक्रिया होते. हे मी म्हणत नाही, सरकारच्याच २०२३-२८च्या वस्त्रोद्योग धोरणात तसं लिहिलं आहे आणि पाच वर्षांत ते ऐंशी टक्क्यांवर न्यायचं म्हटलं आहे. अमरावतीला नांदगाव पेठेत मोठा वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. होवो. तोवर आमच्या कापसाची गाठ हजार किलोमीटर जाते आणि कोन होऊन हजार किलोमीटर परत येते, आणि दोन्ही वेळचं भाडं कुणाच्या तरी पदरचं कापलं जातं.

मागावर टॉवेल कसा होतो हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. मागाला बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, दोन असतात. एक तळाच्या धाग्यांचा, ताठ ओढलेला. दुसरा वरच्या लुपांचा, तो सैल सोडलेला. आडवे दोन धागे पडेपर्यंत फणी पुरती पुढे येत नाही, जरा अलीकडेच थांबते. तिसरा धागा पडला की मात्र सगळ्या जोराने ठोकते. तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात, ताठ बीमचा धागा जागच्या जागी राहतो आणि सैल बीमचा धागा टुणकन वर उठतो. तोच टॉवेलचा लूप. मी बोट जवळ नेऊन बघत होतो तेव्हा मागवाल्या मामांनी माझा हात बाजूला केला. "बोटाचा टॉवेल होईल." मामांचं वय साठीच्या पुढे. चार माग एकटे बघतात. मुलगा पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. "इथं यायला कुणी तयार नाही, साहेब. आवाजाने कान जातात, एवढीच इथली कमाई."

हे ऐकताना मला आमच्या वेचणीच्या बायका आठवल्या. त्यांच्याही मुली आता वावरात येत नाहीत, आणि का याव्यात?

दुपारी भाऊजींच्या टेबलाशी बसून मी सुताचे नंबर समजून घेतले. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. शर्टाच्या कापडाला चाळीस, साठ आणि त्याच्याही पुढे. सोलापूरची चादर आणि टॉवेल म्हणजे साधारण दहा ते वीस नंबरचा खेळ. जाड सूत, पाणी पिणारं, धुऊन धुऊन मऊ होणारं. "मग याला आमचा तीस मिलिमीटर धाग्याचा कापूस कशाला लागतो?" मी विचारलं. ते म्हणाले, "लागतच नाही. म्हणजे चालतो, पण ते आंबेमोहोराचं पीठ करून भाकरी थापण्यासारखं. बाजारात दुसरं काही येतच नाही, म्हणून तोच घ्यायचा. नाहीतर गिरणीच्या उरल्यासुरल्या कापसाचं सूत."

ही गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली. आम्ही लांब धाग्याचा कापूस पिकवतो कारण हमीभावात लांब धाग्याला जास्त पैसे आहेत. २०२५च्या हंगामात क्विंटलला ८११०, मध्यम धाग्याला ७७१०. आणि ज्या शहराने महाराष्ट्राला अंथरूण-पांघरूण दिलं त्याला हवा आहे आखूड, जाड धागा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशातल्या जवळजवळ सगळ्या कापसाच्या क्षेत्रावर देशी वाण होतं. १९७० साली गुजरातेत एच-४ हे जगातलं पहिलं संकरित वाण आलं, २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि आता देशी कापूस बघायचा तर शोधत जावं लागतं.

संध्याकाळी भाऊजींनी जुन्या मिलच्या बाजूने स्कूटर घातली. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली, पाठोपाठ अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८७७ साली मुरारजी गोकुळदासांची ही गिरणी सुरू झाली. तो काळ मोठ्या दुष्काळाचा, त्यामुळे कामाला माणसं हवी तेवढी. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. १९४९ साली जुनी मिल बंद पडली, पुढच्या वर्षी केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि त्याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. वकिलीची पोरं तो खटला अजून पाठ करतात. कायद्याच्या पुस्तकात सोलापूरची गिरणी जिवंत आहे. गावात ज्यांच्या घरातलं कुणीतरी तिथे कामाला होतं, त्यांच्या बोलण्यात आहे.

गंमत म्हणजे अलीकडे सोलापुरात चिमणीवरून जो मोठा गदारोळ झाला तो गिरणीच्या चिमणीचा नव्हताच. विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली ती साखर कारखान्याची.

तिसरा दिवस : वास्तुशांत, आणि चाटी गल्ली

अर्धा दिवस होमाच्या धुरात गेला. आहेर दिला, फोटो झाले, पंगती उठल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच की गव्हाची हुग्गी फार उत्तम झाली होती आणि मी ती तीनदा घेतली.

संध्याकाळी घरच्या चौघांसाठी चादरी घ्यायला चाटी गल्लीत गेलो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षं होत आली, तरी आमच्या गावच्या बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून जी चादर खपते ती पानिपतची असते, आणि तीही बहुतेक वेळा पॉलिस्टरची किंवा चिंध्यांच्या सुताची. दुकानदाराने फरक दाखवला. चादर उलटी केली. जेकार्डची नक्षी मागच्या बाजूलाही तशीच स्वच्छ, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. काठ नखाने ओढून बघायला सांगितला. मग तीन बोटांत चिमटून चुरगाळली आणि सोडली. "चमकली की समजायचं, सुती नाही."

मी साडेसहाशेची एक पसंत केली आणि म्हटलं, जरा वजन करून द्या. दुकानदाराला वाटलं मी कुरिअरने पाठवणार. काट्यावर सव्वा किलो भरली. मी तिथेच पिशवीच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली.

सव्वा किलो सूत म्हणजे गिरणीतली तूट धरून साधारण दीड किलोला थोडी कमी रुई. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची सरकी, म्हणजे बी, आणि थोडी घट. म्हणजे या एका चादरीत सव्वाचार किलो कापूस गेला. मी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, आठ क्विंटल विकला तो ६८०० रुपयांनी, कारण मजुरी द्यायची होती. त्या भावाने सव्वाचार किलोचे झाले २८९ रुपये. त्यातले किलोला बारा रुपये वेचणीवालीचे, म्हणजे ५१. एक बाई दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो वेचते, म्हणजे दिवसाच्या दहा चादरी. माझ्या चार एकरांत यंदा एकोणीस क्विंटल झाला, म्हणजे एकराला फार तर एकशे बारा चादरी. एकशे बारा चादरींतून एकराला बत्तीस हजार तीनशे, आणि त्यातून बियाणं (बीटीची ४५० ग्रॅमची पिशवी २०२५ साली ९०१ रुपयांना), खत, तीन निंदण, पाच फवारण्या, वेचणी आणि गाडीभाडं. उरलं त्याला मी नफा म्हणत नाही. सहा महिन्यांची मजुरीही ती धड होत नाही.

आणि यात एक मेख आहे जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्या २८९ रुपयांत निव्वळ रुईचे पैसे नाहीत, सरकीचेही आहेत. सव्वाचार किलोतून अडीच किलोवर सरकी निघते, तिचं तेल होतं आणि पेंड म्हशीच्या दावणीत जाते. त्यामुळे कित्येकदा जिनवाला, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारा, कापसाचा भाव ठरवतो तो पेंडीकडे बघून. दूध पडलं तर पेंड पडते आणि पेंड पडली तर कापूस.

जेवताना हा हिशोब मी ताटासमोर मांडला आणि भाऊजींनी तो मोडीत काढला. "त्या चादरीत आडवं सूत बहुतेक वेस्टचं आहे. तुझा सव्वाचार किलो नाही, अडीच किलो धर." मग ओघाने निघाली आयातीची गोष्ट. १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकं आमच्या पहिल्या वेचणीच्या तोंडावर. मी म्हटलं, बाहेरच्या गाठी बंदरात उतरल्या आणि आमचा भाव हमीभावाखाली गेला.

"आणि २७ ऑगस्टपासून अमेरिकेने पन्नास टक्के लावले ते कुणावर?" भाऊजींचा आवाज चढला. "टॉवेलवर. ऑर्डरी थांबल्या. तयार माल गोडाऊनमध्ये. त्यात २२ सप्टेंबरपासून पॉलिस्टर धाग्याचा जीएसटी बारावरून पाच. आता सुती टॉवेल घेणार कोण? सूत तरी स्वस्त मिळायला नको?"

"मिळालं का स्वस्त?"

ते थांबले. "कापूस उतरला तेवढं नाही उतरलं."

२०२२ची आठवण त्यांनीच काढली. त्या वर्षी मे महिन्यात ३५६ किलोची खंडी लाखावर गेली होती. आमच्याकडे लोक अजून त्या सालाची गोष्ट सांगतात, पण खंडी लाखावर गेली तेव्हा बहुतेकांच्या घरात बोंडभरही कापूस उरला नव्हता. मी माझा जानेवारीतच विकून मोकळा झालो होतो. "आणि इकडे त्या भावाने माग बंद होते," भाऊजी म्हणाले. "मामांना महिनाभर घरी बसवलं होतं." म्हणजे भाव चढला तेव्हा आम्हाला मिळाला नाही आणि त्यांना परवडला नाही. आता पडला आहे तर आम्हाला परवडत नाही आणि त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मधली सूतगिरणी म्हणते आम्हीच तोट्यात आहोत, आणि बंद पडलेल्या गिरण्या मोजल्या तर तीही खोटं बोलते असं म्हणवत नाही.

ताई म्हणाली, "दोघांनी मिळून एक कीर्तन लावा. भात निवला."

चौथा दिवस : बार्शी

भाऊजींच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचं गाव बार्शीजवळ. त्यांनी सांगितलं होतं, आमच्या वडिलांनी यंदा थोडी सरकी लावली आहे, बघून या. मला आधी कळेचना. आमच्याकडे सरकी म्हणजे बी. इकडे उभ्या पिकालाच सरकी म्हणतात.

एसटीने निघालो. वाटेत ऊस, कांदा, तूर, डाळिंबाच्या बागा, मधेच ज्वारीचा हिरवा पट्टा. सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. गिरणगाव म्हणून नाव कमावलेल्या जिल्ह्याची रानं अशी उसाखाली आहेत याचं मला नवल वाटत होतं. बार्शीत उतरून आधी भगवंताचं दर्शन घेतलं, मग रिक्षाने गावाकडे निघालो.

आजोबा ऐंशीच्या घरातले. बांधावर बाजेवर बसले होते. एकरभर कपाशी, तीही सप्टेंबरमध्ये तीन दिवस पाण्यात उभी राहिलेली. मी सवयीने एक फूल उघडून बघितलं. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या झालेल्या. डोंबकळी. आत अळी. आजोबा म्हणाले, "बघू नका, मन खराब होतं."

मग ते जुन्या गोष्टीत शिरले. त्यांच्या लहानपणी या भागात देशी कापूस होता. बोंड लहान, धागा आखूड, पण पावसाने ओढ दिली तरी तगायचा आणि मावा-तुडतुड्याला दाद द्यायचा नाही. बैलगाड्या रात्री निघायच्या आणि पहाटे बार्शीच्या जिनिंगसमोर रांग लागायची. गाठी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीतून कुर्डुवाडीला, तिथून मोठ्या रेल्वेने मुंबईला. ही नॅरोगेज १८९७ सालची. मुंबईच्या जुन्या कापूसबाजारात ‘बार्शी’ हे एका मालाचंच नाव होतं, उमरावतीवरून आलेल्या ‘ऊमरा’च्या कुळातलं. आमचं अमरावती आणि यांचं बार्शी एका पंगतीला बसत होतं, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

"बी विकत घ्यायचं असतं, हे आम्हाला संकरित आल्यावर कळलं," आजोबा म्हणाले. "त्याआधी जिनवरून येताना सरकी परत आणायची, शेणात घोळायची, वाळवायची की झालं."

मी विचारलं, मग सोडला का? त्यांनी दोन बोटं दाखवली. एक, पाणी. उजनीचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस आला, आणि बाकीच्यांनी बोअर मारून तो आणला. दोन, वेचणी. "उसाला कारखाना टोळी पाठवतो. फडात मुकादम येतो, माझं काम बांधावर उभं राहायचं. सरकीला बाया मीच आणायच्या, मीच त्यांच्या मागं फिरायचं, आणि एकदा नाही, चारदा." उसाला २०२५-२६च्या हंगामात एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला किमान दर, टनाला ३५५० रुपये. कारखाने त्यातही अडवतात, उशीर करतात, पण ऊस कुठे जाणार हे लागणीच्या दिवशीच ठाऊक असतं.

तोडणीची माणसं कोण आणणार, या एका गोष्टीवर पीक ठरतं, हे मी आजवर कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं. आमच्याकडे एकरी उत्पन्नावर भाषणं होतात. हेक्टरी रुई महाराष्ट्रात साडेतीनशे किलोच्या आसपास, देशाची साडेचारशेच्या आत, ब्राझीलची अठराशेच्या पुढे. म्हणून दाट लागवड करा, अकोला पॅटर्न करा, आता तर केंद्राने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस उत्पादकता अभियान जाहीर केलं आहे. दाट लागवड मीही अर्ध्या एकरात करून बघितली. बोंडं खरंच वाढली आणि एकदम फुटली. पण एकदम फुटलेला कापूस एकदम वेचायला गावात बाया नव्हत्या. ब्राझीलचा अठराशे किलोवाला शेतकरी यंत्र घालतो. चार एकरांच्या वावरात ते यंत्र वळणार कुठे?

आजोबांनी निघताना घरात नेऊन एक जुनं पासोडं दाखवलं. हातमागाचं, जाड, कडा विरलेल्या. ते म्हणाले, आमच्याच कापसाचं. मला ते खरं वाटलं, कारण अंगावर घेतलं तेव्हा वजन जाणवलं आणि तरी आत हवा खेळत होती. कालच्या साडेसहाशेच्या चादरीपेक्षा ते उबदार होतं की मला तसं वाटून घ्यायचं होतं, सांगता येणार नाही.

बार्शीत परत आल्यावर टेक्सटाइल मिलच्या फाटकापर्यंत चालत गेलो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही मिल मार्च २०२०च्या टाळेबंदीत थांबली. आमच्या अचलपूरची फिनले मिलही त्याच महामंडळाची, त्याच महिन्यात थांबलेली. फिनलेच्या फाटकाबाहेर मी एकदा असाच उभा होतो. तिथल्या चहावाल्याने विचारलं होतं तेच इथल्यानेही विचारलं, "काय, चालू होणार म्हणतात का?"

पाचवा दिवस : परतीची गाडी

ताईने शेंगाची चटणी, कडक भाकरीचा गठ्ठा आणि दोन टॉवेल भरून दिले. भाऊजी स्टँडवर सोडायला आले. येताना त्यांनी कारखान्यातून दहा नंबरच्या सुताचा एक अर्धवट कोन आणला होता. "घेऊन जा. गावात दाखव, तुमच्या कापसाचं काय होतं ते." मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणालात आमचा नाही. "असेल की थोडा," ते म्हणाले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. आयात शुल्काचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

तुळजापूरला पाऊण तास गाडी अडकली. औसा गेलं. लातूरच्या स्टँडवर चहा घेत असताना बायकोचा फोन आला.

"तारीख आली. परवाची."

परवा म्हणजे हातात एकच दिवस. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओल असली तरच पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्याटक्क्याने कपात, आणि बारापुढे गेली तर गाडी परत. मागच्या खेपेला शेजाऱ्याच्या गाडीत काटा चौदावर गेला होता. तो दोन रात्री केंद्राबाहेर गाडीखाली झोपला आणि शेवटी व्यापाऱ्याला घालून आला.

"ऊन आहे का तिकडे?"

"आहे. पण सकाळी दव लय पडते."

"मग दहाच्या आत बाहेर काढू नको. ताडपत्रीवर पातळ पसरव, ढीग नको. कवडी वेगळी काढ, त्यात मिसळू देऊ नको. आणि चार वाजले की लगेच आत घे, सूर्य बुडायची वाट पाहू नको."

"मी एकटी?"

"दोन बाया बोलाव. किलोला नाही, रोजाने सांग."

कंडक्टरने घंटी मारली. कप ठेवून मी पळालो. सुताचा कोन पिशवीच्या तोंडातून डोकावत होता, तो आत दाबला आणि गाडी चालू झाल्यावर गाडीवाल्याला फोन लावला, की परवा पहाटे चारला ट्रॅक्टर दारात पाहिजे.